मोरीचं पाणी केळीच्या आळ्यात

मैत्रिणींनो, गोंदियाहून आमच्या कामठ्याला निघालात की रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या लागतात. मालगुजारांच्या काळातल्या तलावांसाठी हा जिल्हा प्रसिद्ध. पाऊसही वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर. तेव्हा ‘तुम्हाला कसली हो पाण्याची काटकसर?’ असं तुम्ही म्हणाल. पण एकदा मे महिन्यात या! विहिरी खोल जातात, परसातली केळ माना टाकते, आणि मोरीचं पाणी मात्र दारापुढच्या नालीत साचून असतं.

खरा धोका त्या साचण्यातच आहे. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास अशाच घाण पाण्यात वाढतो, आणि गोंदिया-भंडाऱ्याकडे हा रोग नवा नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं बंद केली आणि डास हटवले. मग आपल्याला का जमू नये?

जरा हिशेब करू या. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर पाणी धरलं आहे. पाच माणसांचं घर म्हणजे 275 लिटर. त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होतं, म्हणजे 220 लिटर. संडासाचं वगळलं तरी चार-दोन झाडांना भरपूर झालं की!

करायचं काय? मोरीच्या तोंडाशी जाळी बसवा, म्हणजे शितं आणि देठं अडकतील. पुढे बुडाला भोक पाडलेला जुना पिंप ठेवून तळाशी विटांचे तुकडे, त्यावर खडी आणि वर जाड रेती भरा. खालून निघणारं पाणी सरीने केळ, कर्दळ, पेरूच्या आळ्यात सोडा. रेती तुंबली की धुऊन घ्या.

पथ्यं मात्र पाळा हं. संडासाचं, बाळाच्या दुपट्यांचं किंवा फिनेलचं पाणी इकडे नको. पालेभाजी, मुळा, कोथिंबीर यांना हे पाणी घालू नका. साठवून ठेवलं तर वास सुटतो, म्हणून त्याच दिवशी संपवा. कपड्यांच्या पावडरीतल्या क्षारांनी माती कडक होते. आठवड्यातून एकदा चांगलं पाणी द्या आणि आळी बदलत राहा. पावसाळ्यात झाडांना गरज नसते, तेव्हा पाणी शोषखड्ड्याकडे वळवा.

खर्च थोडका, मेहनत एका रविवारची. नाली कोरडी झाली की संध्याकाळी दारं-खिडक्या लावून बसावं लागणार नाही, आणि वर घरच्या केळीचा घड मिळेल तो वेगळाच!