करवतीची कोल्हापूरवारी

कोल्हापूरला माणसे जातात ती अंबाबाईच्या दर्शनाला, रंकाळ्यावर हवा खायला आणि खरे बोलायचे तर तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी. येताना गुळाची ढेप आणतात, चपलांचा एखादा जोड आणतात. मी गेलो तो बिडाची दोन धुडे आणि एक पोलादी शाफ्ट पोत्यात बांधून, आणि परत आलो तोही तेच पोते घेऊन. पुणे स्टेशनवर हमालाने पोते उचलून पाहिले, पुन्हा खाली ठेवले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की काही खुलासा करणे मला भाग पडले. "बेअरिंगं आहेत," मी म्हणालो, "करवतीची." त्याचे समाधान झालेले दिसले नाही, पण पोते त्याने डब्यात चढवले.

खुलासा वाचकांनाही द्यायला हवा. आमच्या घरामागे दहा बाय बाराची एक पत्र्याची शेड आहे. सुट्टीच्या दिवशी मी तिथे सुतारकाम करतो. भवानी पेठेतली एक जुनी लाकडाची वखार बंद झाली, तेव्हा तिथला बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवरून पट्ट्यासारखी फिरणारी करवत, भंगारात निघाला होता. चोवीस इंची चाके, सगळा सांगाडा बिडाचा, वजनकाट्यावर भरला ३८० किलो. बनवणाऱ्याच्या नावाची पट्टी केव्हाच गळून पडली होती. अंगावर ओतीव अक्षरांतले 'मेड इन इंग्लंड' तेवढे वाचता येत होते. भंगारवाल्याचा घण तयार होता. बिडाची वस्तू घणाखाली काचेसारखी फुटते, आणि फुटली की ट्रकमध्ये कमी जागा खाते. त्याच्याच भावाने मी ती उचलली.

हल्ली पत्र्याचे सुबक बँडसॉ विकत मिळतात. ते हलके असतात आणि हीच त्यांची अडचण आहे. करवत फिरू लागली की सारा सांगाडा थरथरतो आणि ती थरथर फळीवर उमटते. बिडाचे वजन ही थरथर पोटात घालते. म्हणून जुने यंत्र घेताना मी त्याचा रंग पाहत नाही, गंजही पाहत नाही. बिडाला तडा आहे का, एवढेच पाहतो. बाकी सगळे दुरुस्त होते.

गंज काढणे हे तर घरगुती काम आहे. प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा एक तुकडा धन टोकाला. रात्रभरात गंज काळ्या गाळासारखा सुटतो आणि ब्रशने निघतो. मात्र धन टोकाला स्टेनलेसचा चमचा वगैरे कोणी लावू नये. त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. हे काम उघड्यावरच करावे, कारण टबातून हायड्रोजन वायू निघत असतो. जुना रंगही कोरडा घासू नये. त्यात शिसे असण्याचा संभव फार. आमच्या सौभाग्यवतींनी टब कायमचा माझ्या नावे करून टाकला, यापलीकडे या कामात काही हानी झाली नाही.

घोडे अडले ते बेअरिंगांपाशी. खालच्या चाकाचा शाफ्ट दोन बिडाच्या ब्रॅकेटांत फिरतो. त्या ब्रॅकेटांत गोळ्यांची बेअरिंगे नव्हती. आत ओतलेली एक मऊ, पांढरट धातू होती आणि ती झिजून, तडकून गेली होती. कारखान्यांत तिला व्हाइट मेटल म्हणतात. आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन कारागिराने १८३९ साली अशा बेअरिंगाचे पेटंट घेतले, म्हणून तिकडे तिला त्याचेच नाव आहे. तिच्यात बहुतेक भाग कथलाचा, थोडे अँटिमनी, थोडे तांबे. कल्पना मोठी शहाणपणाची आहे. शाफ्ट कठीण, बेअरिंग मऊ. दोघांत तेलाचा पातळ थर. कचऱ्याचा कण आत शिरला तर तो मऊ धातूत रुतून बसतो, शाफ्टला ओरखडा पडत नाही. झिजायचेच तर महाग शाफ्टने नव्हे, या धातूने झिजावे. आणि ती झिजली की वितळवून काढून नवी ओतावी.

पुण्यात मी चार ठिकाणी विचारले. चारही ठिकाणी एकच उत्तर: भोक मोठे करा, बॉल बेअरिंग बसवा, तासाभराचे काम. सल्ला सरसकट चुकीचा नव्हे. पुष्कळ यंत्रांना तो लागू पडतो. पण माझ्या ब्रॅकेटच्या एका कुशीला बीड जेमतेम अर्धा इंच होते. बॉल बेअरिंग बसेल एवढे भोक पाडले असते, तर तिथे पापुद्राच उरला असता. पाडलेले भोक काही बुजवता येत नाही, आणि दुसरा ब्रॅकेट तर जगाच्या पाठीवर कुठे मिळाला नसता. चौथ्या ठिकाणचा टर्नर भला माणूस. त्याने ब्रॅकेट हातात घेऊन दोनदा फिरवला आणि म्हणाला, "ओतूनच घ्यायचं असेल तर कोल्हापूरला जा. उद्यमनगरात."

कोयना एक्स्प्रेस दिवसाढवळ्या जाते आणि यंत्रांची आवड असलेल्या माणसाने याच गाडीने, खिडकीशी बसून जावे. कऱ्हाड स्टेशनला लागूनच ओगलेवाडी. घरोघरच्या प्रभाकर कंदिलाचे हे गाव. कारखाना बंद झाला, नाव राहिले. पुढे किर्लोस्करवाडी येते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने या निवडुंगाच्या माळावर कारखाना मांडला, तेव्हा स्टेशनचे नाव कुंडल रोड होते. मग मिरज. तिथले शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. त्यांचे हात एकोणिसाव्या शतकात तंबोरे आणि सतारी घडवण्याकडे वळले आणि अजूनही त्या गल्लीत भोपळे वाळत असतात. एका दुपारच्या प्रवासात केवढी हातांची पुण्याई खिडकीतून सरकून जाते! मिरजेला गाडी थोडा वेळ थांबते. चहा घ्यायला हरकत नाही.

शिवाजी उद्यमनगर राजारामपुरीच्या शेजारी आहे. मोठे कारखाने आता शिरोलीला आणि गोकुळ शिरगावला गेले. मोटारींना लागणारे बिडाचे भाग तिथून बाहेरगावी जातात. पण उद्यमनगरच्या बोळांत अजून एकेका शटरमागे एकेक लेथ चालू असतो. एका दारात उसाच्या चरकाचे दाते, दुसऱ्यात पंपाचे पोट, तिसऱ्यात नुसता तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा वास. पत्ता विचारायची इथे एकच पद्धत: पोते उघडायचे. मी ब्रॅकेट दाखवला की समोरचा माणूस बोलण्याऐवजी बोटाने पुढची गल्ली दाखवी. असे करीत मी एका सत्तरी उलटलेल्या मेस्त्रींच्या दारात पोचलो.

त्यांनी ब्रॅकेट पाहिला. चश्मा कपाळावर सारून पुन्हा पाहिला.

"ह्यात बॉल बेरिंग घाला म्हनून कुनी सांगितलं न्हाई?"

"पुण्यात चौघांनी सांगितलं, मेस्त्री."

"मग?"

"मी घातलं नाही."

"बरं केलंसा," ते म्हणाले. "बसा, साहेब. चहा सांगतो."

त्यांची सारी हयात तेलइंजिनांची बेअरिंगे ओतण्यात गेलेली. मुलगा शिरोलीला संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर काम करतो. हे काम तो शिकला का, असे मी विचारले. "बघतोय की," एवढेच उत्तर मिळाले. पण दुसऱ्या दिवशी ओतायच्या वेळी तो मुलगा सुट्टी काढून आला होता, हे मी नमूद करून ठेवतो.

काम पाहण्यासारखे होते. आधीची धातू वितळवून काढली, पोकळी घासून लख्ख केली. सपाट लोखंडी पाटावर दोन्ही ब्रॅकेट बांधले आणि त्यांतून शाफ्ट ओवून तो दोन्हीकडे अगदी मधोमध येईल असा टेकवला. यातच अर्धा दिवस गेला. मग मेस्त्रींनी एक चिमणी पेटवली आणि तिची वात मोठी करून शाफ्टवर काजळी धरली. आमच्या लहानपणी आई पणतीवर वाटी पालथी घालून काजळ धरीत असे, अगदी तसे! काजळी असली की ओतलेली धातू शाफ्टला चिकटत नाही. सगळ्या फटी मातीने लिंपल्या. मग ब्रॅकेट सावकाश, चोहोबाजूंनी तापवला. माझा जीव इथे टांगणीला होता. जुने बीड एकाच बाजूने तापले तर टणकन तडकते आणि थंड ठेवले तर धातू मध्येच गोठून पोकळी राहते. ओलावा असेल तर वाफ होऊन उकळती धातू अंगावर उडते. म्हणून लिंपलेली माती ते पुनःपुन्हा बोटाने चाचपून पाहत होते.

कढईतल्या धातूची गरमी त्यांनी देवदाराच्या काडीने पाहिली. काडी बुडवून काढली. ती काळी पडली, पेटली नाही. "पेटली तर जळाली धातू," ते मुलाला म्हणाले, मला नव्हे. मग एका धारेत, न थांबता, पळीभर चांदी ओतल्यासारखे त्यांनी पहिले बेअरिंग भरले. दुसरे भरायला पळी उचलली आणि ती मुलाच्या हातात दिली. कोणी काही बोलले नाही. मुलाची धार थोडी जाड पडली, पण तुटली नाही.

बीड निवायला रात्रभर ठेवले, तेव्हा संध्याकाळी मी खरी कॉर्नरला जाऊन आलो. तिथे कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. कोल्हापुरात कॅमेऱ्याची आठवण का जपावी? तर बाबूराव पेंटरांनी १९१८ साली स्वतः कॅमेरा घडवला आणि त्यावर १९२० साली 'सैरंध्री' काढला. बाबूराव मूळचे मेस्त्रीच. आडनावानेही आणि घराण्यानेही. त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर आणला होता. त्याची उकल करता करता कॅमेऱ्याचा ध्यास लागला. आनंदराव १९१६ साली वारले आणि ते काम बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने पुरे केले. जुन्या बाजारातल्या यंत्राची कोल्हापूरकरांना भीती वाटत नाही, ती तेव्हापासूनची असावी.

सकाळी शाफ्ट अलगद निघाला. मग त्याला निळा रंग फासून बेअरिंगात फिरवायचा, जिथे निळे लागेल ते उंचवटे पातीने खरवडायचे, पुन्हा फिरवायचा. दुपारपर्यंत निळे ठिपके सगळीकडे सारखे उमटू लागले. टोपण बसवताना मेस्त्रींनी मध्ये पितळी पत्र्याच्या आणि कागदाच्या पट्ट्या घातल्या. "ढिलं वाटलं की एक कागद काढायचा. सगळं संपलं की मग माझ्याकडं या." वय पाहता हे वाक्य मला जरा मोठे वाटले; पण मुलगा शेजारीच उभा होता.

पुण्यात परतल्यावर उरले ते काम हिशेबाचे. घरच्या विजेवर चालणारी मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. तिला ५ इंची पुली आणि करवतीला १२ इंची, म्हणजे चाक मिनिटाला ६०० फेरे घेते आणि पाते सुमारे ३७७० फूट धावते. लाकडाला तेवढे पुरते. चाकांना नवे रबर चढवले, पात्याला जाळी बसवली. आमच्या सौभाग्यवतींचा मोटर सुरू करण्याला विरोध नव्हता, फक्त त्या वेळी घरात थांबण्याला होता. तेलाच्या कुप्या भरल्या, बटण दाबले, आणि यंत्राने आवाज केला तो शिलाई मशीनपेक्षा थोडा जास्त. फणसाची एक फळी उभी चिरली. तासाभराने बेअरिंगावर हात ठेवून पाहिला; कोमट होते.

याला आता दोन पावसाळे झाले. कागद काढायची वेळ अजून आलेली नाही.