पांझरेकाठचा मैल

जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठी पहाटे साडेपाचच्या सुमारास जी मंडळी जमतात, त्यांचे सरळ दोन पक्ष पडतात. एक धावणाऱ्यांचा. त्यांच्या मनगटावर अंतर आणि वेळ सांगणारी घड्याळे असतात आणि तोंडी ‘पेस’ हा शब्द. दुसरा चालणाऱ्यांचा. त्यांच्या डोक्याला मफलर, हातात काठी आणि बोलण्यात गुडघे, साखर व सुना असे कायमचे विषय. मी या दोहोंच्या मधला. पन्नाशी ओलांडली आहे. थोडे धावतो, थोडे चालतो, आणि डॉक्टर असल्यामुळे फिरायला येऊनही निम्मा वेळ उभा राहून रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी बोलतो.

गेल्या हिवाळ्यात एका सेवानिवृत्त गृहस्थांनी मला अडवले. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, ही मुले सहाचा पेस, सातचा पेस असे काहीबाही बोलतात. आमच्या वयाला मैल किती मिनिटांत झाला तर चांगला म्हणायचा?” मी घाईत होतो. “जमेल तसे चालत राहा, काका,” असे म्हणून मी पुढे निघालो. उत्तर चुकीचे नव्हते, पण ते प्रश्न टाळणारे होते. असाच एक प्रश्न मी पूर्वी माझ्या घरातही टाळला होता आणि त्याची किंमत वडिलांना मोजावी लागली. म्हणून आज ते उत्तर सविस्तर देतो.

त्या गृहस्थांनी ‘मैल’ म्हटले याचे मला नवल वाटले नाही. आज पंचाहत्तरीच्या पुढे असलेल्या पिढीने शाळेत आठ फर्लांगांचा मैल आणि सतराशे साठ यार्डांचा मैल अशी कोष्टके घोकली आहेत. ती मंडळी किलोमीटर समजून घेतात, पण मनात चालतात मैलच. एक मैल म्हणजे १६०९ मीटर. मैदानावर ४०० मीटरची धावपट्टी असेल, तर चार फेऱ्या आणि वर नऊ मीटर. तरुणांचा ‘सहाचा पेस’ म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटे, अर्थात मैलाला पावणेदहाच्या आसपास.

मैलाच्या दुनियेतील सर्वांत गाजलेली वेळ ३ मिनिटे ५९.४ सेकंदांची आहे. रॉजर बॅनिस्टर या पंचवीस वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने ती ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला नोंदवली आणि चार मिनिटांच्या आत मैल धावणारा तो पहिला माणूस ठरला. तो विक्रमवीरांचा प्रांत. आपला त्याच्याशी संबंध नाही. नोकरी-धंदा सांभाळून हौसेने धावणाऱ्या माणसाला मैलाला साधारण नऊ ते बारा मिनिटे लागतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही. फौजासिंग यांनी २०११ साली टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली तेव्हा त्यांचे वय शंभर सांगितले जात होते. सव्वीस मैलांहून अधिक ते अंतर कापायला त्यांना आठ तासांपेक्षा थोडा अधिक वेळ लागला. म्हणजे मैलाला सुमारे एकोणीस मिनिटे. ही गती झपझप चालण्याची आहे! (जन्मदाखला नसल्यामुळे गिनीजने त्या विक्रमाची नोंद घेतली नाही. आमच्या खान्देशात तर मास्तरांच्या कृपेने निम्मे गाव १ जूनला जन्मलेले असते. आपल्यालाही ती अडचण आलीच असती.)

तेव्हा ‘धावणे’ आणि ‘चालणे’ यांच्यामधली भिंत आपण समजतो तितकी उंच नाही. वैद्यकाच्या दृष्टीने महत्त्वाची गती तर याहूनही मंद आहे. २०११ सालीच अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ६५ वर्षांवरील चौतीस हजारांहून अधिक लोकांच्या, नऊ वेगवेगळ्या पाहण्यांमधून जमा झालेल्या नोंदी त्यात एकत्र केल्या होत्या. माणूस नेहमीच्या चालीने सेकंदाला किती मीटर चालतो, यावरून त्याच्या पुढील आयुष्याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो, असे त्यात दिसले. सेकंदाला ०.८ मीटर ही त्या वयाची मध्यम चाल. एक मीटर किंवा अधिक असेल तर चांगली. मैलाच्या भाषेत सांगायचे, तर पहिली साडेतेहतीस मिनिटांची आणि दुसरी सुमारे सत्तावीस मिनिटांची. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली स्नायूंच्या क्षीणतेसाठी जी कसोटी सुचवली, तीही सेकंदाला एक मीटरचीच आहे. मेहरूणच्या काकांना मी हे आकडे त्याच दिवशी सांगू शकलो असतो.

पण नुसता आकडा सांगणे किती अपुरे असते, ते मला धुळ्यात कळले.

जळगावहून धुळे सुमारे नव्वद किलोमीटर. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला की पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे अशी गावे मागे पडत जातात. दोहो बाजूंना कपाशीची शेते. आमचे मूळ घर जुन्या धुळ्यात, गल्ल्यांना नावांऐवजी नंबर असलेल्या भागात. तेथे माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, थोरल्या भावाच्या कुटुंबात राहतात. नाना शाळामास्तर होते. रोज सकाळी घरातून निघायचे, पांझरा ओलांडायची, देवपुरातल्या एकवीरा देवीच्या मंदिराशी हात जोडायचे आणि पुढच्या एका ठरलेल्या झाडापर्यंत जायचे. या अंतराला ते मैल म्हणत. पुढे मी मोबाईलवर मोजून पाहिले, तर त्यांचा मैल थोडाच कमी भरला.

लहानपणी त्यांच्याबरोबर जाताना मला अक्षरशः धावावे लागे. ते मात्र वाटेत धुळ्याच्या गोष्टी सांगत. इथल्या तुरुंगात १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून अशा अठरा रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि सोबत बंदिवासात असलेल्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, ही त्यांची आवडती गोष्ट. त्याच विनोबांनी पुढे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी भूदानासाठी पदयात्रा सुरू केली आणि ती तेरा वर्षे चालली. गांधीजी दांडीला निघाले तेव्हा साठ वर्षांचे होते. १२ मार्च ते ५ एप्रिल १९३० या काळात त्यांनी २४१ मैल कापले. दिवसाला सरासरी दहा मैल पडले. नानांचा या हिशेबावर भारी जीव. “एका दिवसात चाळीस मैल चालून दाखवणारे पुष्कळ असतील,” ते म्हणत, “दुसऱ्या दिवशी पुन्हा निघणारे किती?” वैद्यकीय महाविद्यालयात मला व्यायामाविषयी याहून उपयुक्त वाक्य कोणी सांगितल्याचे आठवत नाही.

तीन वर्षांपूर्वी वहिनींचा फोन आला. “भाऊजी, नानांना फिरून यायला फार वेळ लागतो आहे. पूर्वी चहा ठेवून त्यांची वाट पाहायचे, आता ते येईस्तोवर चहा दोनदा गरम करावा लागतो.” मी विचारले, कुठे दुखते का, दम लागतो का, पडले का? तिन्हींचे उत्तर नाही आले. मी म्हणालो, “वहिनी, पंचाहत्तर झाली त्यांची. वय झाले.” दवाखान्यात इतर कोणाच्या वडिलांविषयी ही तक्रार आली असती, तर त्यांना दारापासून टेबलापर्यंत चालवून पाहिल्याशिवाय मी सोडले नसते.

जवळजवळ एक वर्ष गेले. वहिनींनी तोवर दिनदर्शिकेवर नाना निघाल्याची आणि परतल्याची वेळ लिहून ठेवायला सुरुवात केली होती, दुधाच्या हिशेबाशेजारीच. दिवाळीला गेलो तेव्हा ती पाने त्यांनी माझ्यापुढे ठेवली. पूर्वी जाऊन-येऊन पाऊण तास लागे. तो आता दीड तासाजवळ पोहोचला होता. शेजारी त्यांनी आणखी दोन गोष्टी टिपल्या होत्या: ‘उजवी चप्पल घासते’ आणि ‘उजवा हात हलत नाही’. दुसऱ्या दिवशी मी नानांच्या मागून चाललो. पावले आखूड पडत होती, उजवा हात अंगाला चिकटल्यासारखा होता, वळताना एका पावलाच्या जागी पाच-सहा पावले लागत होती. पूल ओलांडेपर्यंत माझे निदान झाले होते. पार्किन्सन! मेंदूविकारतज्ज्ञांनी तेच सांगितले. हात कापत नव्हता, म्हणून मला शंका आली नाही, असे मी स्वतःला बजावत राहिलो. पण अनेक रुग्णांत कंप उशिरा दिसतो, क्वचित दिसतही नाही, हे मला ठाऊक होते. घरातील माणसाकडे मी डॉक्टरच्या नजरेने पाहिले नाही, एवढेच खरे.

त्या रात्री मला बॅनिस्टर आठवला. चार मिनिटांचा मैल धावलेला तो मुलगा पुढे मेंदूविकारतज्ज्ञ झाला आणि म्हातारपणी त्याला याच आजाराने गाठले. २०१४ साली त्याने ते जाहीरपणे सांगितले; २०१८ साली तो गेला.

तर मेहरूणच्या काकांना माझे उत्तर असे. सत्तरीच्या घरातील, एरवी ठीक प्रकृती असलेल्या माणसाचा मैल वीस ते सत्तावीस मिनिटांत झाला तर उत्तम. तेहतीस-चौतीस लागले तरी घाबरण्याचे कारण नाही. गुडघे, काठी, वाटेतले नमस्कार यांचा वेळ धरायलाच हवा. चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, पण गाणे म्हणायला गेल्यास धाप लागावी, एवढी चाल पुरे. पण खरी तुलना शेजारच्या काकांशी करू नये, आपल्याच मागच्या वर्षीच्या मैलाशी करावी. तो सहा महिन्यांत पाच-दहा मिनिटांनी वाढला आणि कारण सापडत नसेल, तर ‘वय झाले’ हे शेवटचे कारण समजावे. पंडुरोग, ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, मोतीबिंदू, कमकुवत होत चाललेले हृदय, कण्यात दबलेल्या नसा, पायांच्या रक्तवाहिन्यांतील अडथळा, रक्तदाबाची वा झोपेची जास्त झालेली गोळी, मनाची उदासी: यांतल्या बहुतेकांवर उपाय आहेत. पोटरीत गोळा येऊन थांबावे लागणे आणि थांबताच बरे वाटणे, ही खूण तर डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

मैल चालणे ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी घरातच एक मोजणी करता येते. ओसरीत किंवा बोळात खडूने दोन रेघा ओढाव्यात, मधले अंतर सहा मीटर, म्हणजे जवळजवळ वीस फूट. पहिल्या रेघेच्या दोन पावले आधी चालायला सुरुवात करावी, दुसऱ्या रेघेच्या पुढेपर्यंत नेहमीच्या चालीने जावे. रेघ ते रेघ सहा सेकंदांत पार झाली तर ठीक. जास्त लागत असतील तर तारीख घालून लिहून ठेवावे आणि पुढच्या भेटीत तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा. तोल जात असेल त्यांच्या शेजारी मोजणाऱ्याने चालावे, घड्याळाकडे नंतर पाहावे.

साठीनंतर नव्याने धावायची हौस वाटणाऱ्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी तर नक्कीच. छातीवर दाब, जबड्यात वा डाव्या हातात कळ, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झाले तर तेथेच बसावे आणि मदत मागावी. ‘घरापर्यंत जाऊ, मग बघू’ हे चालणार नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत चढतो. त्या दिवसांत सूर्य वर येण्याआधी फिरणे आटोपावे. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल त्यांनी किती पाणी प्यावे हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. डिसेंबरात उलटे: कडाक्याच्या थंडीत हृदयरुग्णांनी पहाटेचा हट्ट सोडावा, उन्हे आल्यावर निघावे.

नानांची औषधे सुरू होऊन आता दोन वर्षे होत आली. पार्किन्सनची गोळी जेवणाच्या निदान अर्धा तास आधी आणि ठरलेल्या वेळी द्यावी लागते. ते वेळापत्रक वहिनींनी दिनदर्शिकेशेजारी टांगले आहे. आजार जात नाही, पण चाल बऱ्यापैकी परत आली. जाऊन-येऊन लागणारा वेळ दीड तासावरून तासाच्या थोडा वर आला आहे. वळताना ते मोठा अर्धगोल घेतात, पाऊल अडले की मनात आकडे मोजतात. धुळ्यातल्या सगळ्या मैलांचे दगड बहुधा त्यांना पाठ आहेत.

गेल्या रविवारी आम्ही दोघे निघालो. थंडी होती, पुलावर ऊन नुकतेच येत होते. सवयीने माझा वेग वाढला आणि मी चार पावले पुढे गेलो. मागून त्यांचा आवाज आला, “हयू हयू चाल रे भो. घाई कोनले शे?” मी थांबलो. त्यांनी मला गाठले, कठड्याला हात टेकला आणि खिशातून वहिनींनी दिलेले जुने घड्याळ काढून वेळ पाहिली. मंदिर अजून पुढे होते.