सातचा आकडा

खांदा आखडल्यापासून येरवड्यातल्या पूना क्लबच्या गोल्फ कोर्सवर गेलोच नाही. आज पाऊस उघडेना, म्हणून बाल्कनीत बॅग काढून बसलो. सेव्हन आयर्नच्या तळावर कोरलेल्या सातातला रंग उडाला होता. ॲसिटोनचा बोळा फिरवून उरलासुरला काढला. मग लेकीच्या शेंदरी नेलपॉलिशचा थेंब दातकोरणीच्या टोकावर घेतला आणि खाचेत सोडला. तो आपसूक वळणावळणाने पसरत गेला. काठाबाहेर सांडलेला, जरा सुकल्यावर, पुसून टाकला. खोल उतरला तेवढाच राहिला.

या रंगाने चेंडू एक यार्डही पुढे जाणार नाही, ठाऊक आहे. लेक बाहेरगावी शिकायला गेली, बाटली इथेच राहिली. खांद्याचं डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. सात मात्र ओला, चमकत होता. बॅगेची चेन लावावीशीच वाटेना.