सीडी नवी, यादी जुनी

संपादकांनी फोनवर बजावलं आहे, "फार तांत्रिक नको, वाचकाला झेपेल असं लिहा." प्रयत्न करतो. पण सीडी ड्राइव्हविषयी तांत्रिक काहीच लिहायचं नसेल तर 'लेन्स गेली' एवढंच लिहावं लागेल, आणि ते ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. सांगलीतल्या माझ्या दुकानात येणारा प्रत्येक जण निदान घरूनच करून येतो. "नवी सीडी घेत नाही, लेन्स साफ करून द्या." मी पेचकस हातात घेतला नाही तर त्याला वाटतं, माणसाला काम येत नाही.

तक्रार एक असली तरी आजार अनेक असतात. सीडीसाठी 780 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा लेसर असतो आणि डीव्हीडीसाठी 650 चा लाल. एक मेला तरी दुसरा ठणठणीत असू शकतो, म्हणून लग्नाची डीव्हीडी चालते आणि गाण्यांची सीडी चालत नाही. कोऱ्या डिस्कची गोष्ट आणखी वेगळी. तिच्यावर बनवणाऱ्याचा एक संकेत आधीच कोरलेला असतो. तो ड्राइव्हच्या फर्मवेअरमधल्या यादीत नसला, तर काही ड्राइव्ह अंदाजाने, सावकाश लिहितात आणि काही सरळ डिस्क बाहेर टाकतात. यातलं काहीही लेन्स पुसून सुधारत नाही.

मिरजेतल्या एका हाडांच्या डॉक्टरांकडचं प्रकरण मात्र अजून डोक्यातून जात नाही. मिरजेला पेशंट पार बेळगाव-विजापूरकडून येतात, बगलेत एमआरआयचं पाकीट आणि त्यात सीडी. डॉक्टरांनी नव्या पेशंटची सीडी घातली आणि स्क्रीनवर आधीच्या पेशंटचं नाव आलं. फाइल उघडायला गेले तर एरर. मला म्हणाले, "नाव वेगळं होतं म्हणून लक्षात तरी आलं. दोघंही पाटील असते तर?" आणि हे रोज होत नव्हतं. कधी व्हायचं, कधी नाही. कायमचा बिघाड परवडला, हा असला लपंडाव नको.

माझ्या आधी दोघं येऊन गेले होते. पहिल्याने ब्रशवाली क्लीनर डिस्क फिरवली. दुसऱ्याने ड्राइव्हच बदलला, तरी दुखणं तेच. वास्तविक तिथेच कळायला हवं होतं. मी फक्त एफ-5 दाबलं आणि यादी बदलली, नव्या पेशंटचं नाव आलं. म्हणजे लेसरला सीडी दिसत होती, वाचताही येत होती. सीडी बदलली हे विंडोजच्या कानावर जात नव्हतं, एवढंच.

ट्रे आत गेला की लेन्स खालीवर होऊन फोकस शोधते, मोटर फिरू लागते आणि सीडीच्या अगदी आतल्या कड्यातली अनुक्रमणिका वाचली जाते. इकडे विंडोज ड्राइव्हला थोड्या थोड्या वेळाने विचारत असतं, काही बदललं का? बदललं असेल तर ती वर्दी पुढे जाते आणि जुनी यादी पुसली जाते. विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठवलेल्या असतात त्या रजिस्ट्रीत, सीडीरॉमच्या नोंदीखाली 'ऑटोरन' नावाचा एक आकडा असतो. तो 1 असला तर वर्दी जाते, 0 केला तर जात नाही. डॉक्टरांच्या मशीनवर 0 होता. ट्रे स्क्रीनवरून 'इजेक्ट' केला की यादी बरोबर यायची, ड्राइव्हचं बटण दाबून उघडला की जुनीच राहायची. रिसेप्शनवरची मुलगी बटण दाबायची, डॉक्टर माउस वापरायचे. लपंडाव तो एवढाच.

हा 0 कुणी वेडेपणाने केला नव्हता. पेनड्राइव्ह लावला की व्हायरस आपोआप चालू व्हायचा, ते दिवस आठवा. 2008 च्या अखेरीस कॉनफिकर नावाचा वर्म आला आणि त्याने अनेकांची झोप उडवली. तेव्हा दिसेल तिथे ऑटोरन बंद करत सुटणं हाच शहाणपणा होता. विंडोज 7 मध्ये मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हचं ऑटोरन मुळातच बंद ठेवलं आणि 2011 मध्ये अपडेट देऊन जुन्या विंडोजमध्येही बंद केलं, सीडीचं राहू दिलं. त्यानंतर त्या 0 ची गरज उरली नव्हती, पण जुन्या रिपोर्टच्या सॉफ्टवेअरपायी ते मशीन अजून विंडोज 7 वरच होतं, आणि आकडा होता तिथेच.

विषय लेन्सचा निघालाच आहे तर प्रीसेटवाल्यांबद्दलही बोलतो, संपादकांनी कापलं तर कापोत. पिकअपवर, म्हणजे लेन्स आणि लेसर डायोड बसवलेल्या भागावर, मोहरीएवढा एक प्रीसेट असतो. कारखान्यात प्रत्येक डायोडचा प्रकाश मोजून तो बसवलेला असतो. आमच्यातले काही कलाकार तो पाव फेरा फिरवतात. करंट वाढतो, लेसर तेज होतो, न चालणारी डिस्क गिऱ्हाइकासमोर चालू लागते. वाहवा! काही महिन्यांत डायोड जळतो, तोवर पैसे खिशात गेलेले असतात. यावर मी संघटनेच्या बैठकीत भांडलोय. उत्तर ठरलेलं, "नवा पिकअप मिळतो कुठे?" तेही खरंच आहे, मिळत नाही. पण मग तसं सांगावं ना गिऱ्हाइकाला! डायोड म्हातारा झालाय, आणखी ढकलला तर जाईल, एवढं वाक्य बोलायला काय हरकत आहे?

मिरजेचं काम 0 चा 1 करून मशीन रीस्टार्ट करण्यात संपलं. पेनड्राइव्हचं ऑटोरन बंदच आहे ना, तेवढं पाहून घेतलं. बिल लिहिताना कंपाउंडरने विचारलं, "साहेब, पार्ट कुठला बदलला?" काहीच नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला, कारण आधीच्या दोन्ही पावत्यांवर पार्ट होता. डॉक्टर मात्र म्हणाले, हा ड्राइव्ह काढूनच टाका, सेंटरवाले हल्ली लिंक पाठवतात. मी नको म्हटलं. पाच-सात वर्षांपूर्वीचा एमआरआय घेऊन येणाऱ्याकडे लिंक कुठून असणार? ड्राइव्ह ठेवला आहे. फिल्मवरचं नाव, वय आणि तारीख स्क्रीनशी ताडून पाहायला सांगितलं आहे, आकडा 1 असला तरीही.