दुखत नाही त्याची गोळी

आमच्याकडे औषध म्हणजे दुखण्यावरचं. डोकं चढलं की गोळी, कफ झाला की काढा, आणि बरं वाटलं की दोन्ही बंद. ब्लडप्रेशर या हिशेबात कुठेच बसत नव्हतं. ते दुखत नाही, खुपत नाही, आरशात दिसत नाही. त्यामुळे चाळिशी ओलांडल्यावर वडिलांना बीपीची गोळी सुरू झाली, तेव्हा आजी सोडून घरात कुणी ती फारशी मनावर घेतली नाही. वडील हायस्कुलात गणित शिकवायचे, ऊन-पाऊस न बघता सायकलने शाळेत जायचे. असा माणूस आजारी कसा?

गोळी अटेनोलॉलची, पन्नासची, घ्यायची अर्धी. मधोमध रेघ असायची, पण बोटांनी मोडली की चुरा व्हायचा. म्हणून सकाळी आजी अडकित्ता घेऊन बसायची. आधी पातं पदराने कोरडं पुसायची. मग ते बरोबर रेघेवर टेकवून नुसता दाब द्यायची. टक् असा बारीक आवाज व्हायचा. एक तुकडा वडिलांच्या तळहातावर, दुसरा कागदाच्या पुडीत बांधून पानाच्या डब्यातल्या कोरड्या कप्प्यात. गोळी गिळून पाण्याचा पेला खाली ठेवेपर्यंत ती वडिलांसमोरून हलायची नाही.

तिला कारण होतं. आजोबा गेले तेव्हा देशाला स्वातंत्र्यही मिळालं नव्हतं. शेतातून आले, डोकं फुटतंय म्हणाले, आडवे झाले, आणि दिवेलागणीपर्यंत संपलं. दाब किती होता हे कुणाला कळलं नाही. मोजायचं यंत्र आमच्या पंचक्रोशीत नव्हतंच. पण यंत्र असतं तरी काय झालं असतं? त्याच सुमारास, १२ एप्रिल १९४५ ला, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट वयाच्या ६३ व्या वर्षी मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्यांचा दाब वरचेवर मोजला जात होता आणि तो वाढत चालल्याच्या नोंदी आहेत. शेवटच्या दिवशी वरचा आकडा तीनशेवर गेला होता. हृदयतज्ज्ञ हाताशी होते. विश्रांती, कमी मीठ, कमी सिगारेटी, हृदयासाठी डिजिटॅलिस, एवढंच त्यांना देता आलं. दाब नेमाने खाली ठेवील अशी साधी गोळी तेव्हा अध्यक्षांनाही मिळण्यासारखी नव्हती.

अशा गोळीची वाट पुढे आपल्याकडच्याच एका मुळीने उघडली, याचा मला फार अभिमान आहे. सर्पगंधा वैद्यांना जुनी माहीत होती. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, आकडे नोंदवून, १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध छापला आणि जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. त्याने काही रुग्णांचं मन फार खचायचं, म्हणून ते मागे पडलं. नंतर जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून अटेनोलॉलच्या जातीची औषधं आली. आजीच्या अडकित्त्याखाली आलेली गोळी एवढा प्रवास करून आली होती. आजोबांना तर रिसर्पिनही थोडक्या वर्षांनी चुकलं.

आजी गेल्यावर गोळी वडिलांच्या एकट्याच्या हातात आली. एकदा दाब मोजला, १३०/८० भरला. डॉक्टर म्हणाले, उत्तम. वडिलांनी त्याचा अर्थ ‘आता गरज नाही’ असा लावला आणि कुणाला न सांगता गोळी थांबवली. गणिताच्या माणसाने असं करावं! पण यात ते एकटे नाहीत. माझ्या ओळखीत गोळी सोडलेले जितके पुरुष आहेत, जवळजवळ सगळ्यांनी हेच कारण दिलं. गोळी चालू आहे म्हणून दाब ताब्यात आहे, हे वाक्य प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवायला हवं. अटेनोलॉल तर एकदम तोडायचंच नसतं, दाब उसळी मारतो. वडिलांची उजवी बाजू गेली. फळ्यावर हातानेच रेखीव वर्तुळ काढणारा हात पुढे बरीच वर्षं उशीवर ठेवावा लागला.

मला स्वतःला पन्नाशीच्या आत बीपीसाठी टेल्मिसार्टन सुरू झालं. आता जोडीला प्रोस्टेटसाठी रात्रीची टॅम्सुलोसिन आहे. सकाळी फिरून आल्यावर आमचा कट्टा भरतो तेव्हा बीपी-शुगरचे आकडे मोकळेपणाने निघतात, ‘तुझी चाळीस की ऐंशी?’ असं विचारलं जातं. प्रोस्टेटच्या गोळीचं नाव मात्र कुणी काढत नसे. लघवीबद्दल बोललं की पुरुषपणाला उणेपणा येतो, अशी एक खोल समजूत आहे आणि ती घातक आहे. या गोळीने उभं राहताना दाब उतरू शकतो, हे न कळल्याने आमच्यातला एकजण रात्री मोरीच्या दारात पडला. खुबा मोडला. त्याला बघायला गेलो तेव्हा मी माझी गोळी सांगितली, आणि खोलीतल्या आणखी दोघांनी त्यांची. पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं, मग उठायचं, हे त्या दिवशी आम्ही एकमेकांना सांगितलं.

परवा मुलाचा हिंजवडीहून फोन आला. पस्तिशीचा आहे. कंपनीतल्या तपासणीत त्याचा दाब १३८/९२ निघाला. डॉक्टरांनी मीठ कमी करून, चालणं वाढवून महिन्याने परत बोलावलं आहे. ‘बाबा, आपल्याकडे कुणाला कितव्या वर्षी सुरू झालं, ते विचारलंय,’ तो म्हणाला. मी त्याला पणजोबांपासून सांगायला घेतलं. त्याने मध्येच थांबवलं, ‘हळू सांगा, लिहून घेतोय.’ मग वडिलांचं सांगितलं, गोळी का सुटली तेही. शेवटी माझ्या दोन्ही गोळ्या सांगितल्या, नाव आणि मिलिग्रॅमसकट.