उलट्या काट्यांचे घड्याळ

लंडनच्या चेल्सी भागात किंग्ज रोडवर ४३० क्रमांकाचे एक दुकान आहे. दर्शनी भागावर तेरा आकड्यांचे भलेमोठे घड्याळ, आणि त्याचे काटे फिरतात उलटे! मी ते पाहत उभा होतो. शेजारी लेक, गाल फुगवून. तिच्या गुडघ्यावर फाटलेल्या विजारीवरून सकाळीच आमची जुंपली होती.

“बाबा, हेच ते दुकान,” ती एवढेच बोलली.

१९७१ साली व्हिव्हियन वेस्टवुड या एकेकाळच्या शिक्षिकेने माल्कम मॅक्लॅरेनच्या जोडीने येथे दुकान थाटले. फाटके सदरे, साखळ्या, कपड्यांना टोचलेल्या सेफ्टी पिना, असा लंडनच्या ‘पंक’ पोरांचा अवतार येथेच घडला. बेकारीने गांजलेल्या तरुणांचा तो राग होता. सभ्य मंडळींनी नाके मुरडली. पुढे २००६ साली त्याच बाईंना ‘डेम’ हा किताब मिळाला. त्यांचे कपडे आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

मला माझी आई आठवली. तिने नऊवारी सोडून पाचवारी नेसायला घेतली, तेव्हा आजीने आठ दिवस अबोला धरला होता. आईच्या बांगडीला सदैव दोन-तीन सेफ्टी पिना लटकत. कुणाचे काही उसवले, फाटले की ती हात पुढे करी. चेल्सीत जी पिन राग मिरवीत होती, तीच आमच्या घरी लाज राखीत होती.

“तुझ्या आजीची एक पिन आत्ता हवी होती,” मी म्हणालो.

“माझ्या विजारीला?”

“नाही ग, सकाळच्या भांडणाला!”

तेव्हा कुठे ती हसली.