वेळणेश्वराची उतरण

कुंभार्ली घाट उतरून, चिपळूण मागें टाकून आम्ही कुलस्वामीच्या दर्शनास वेळणेश्वरीं निघालों होतों. वाहन नवें पिकअप. पुढें पांच माणसांची बैठक, मागें उघडा हौदा. हौद्यांत समाराधनेचीं पातेलीं, मागल्या बाकावर आई. गांवाजवळच्या एका ओल्या, तांबड्या मातीच्या उतरणीवर पुतण्या म्हणाला, "काका, हें बटण दाबा आणि ब्रेकवरचा पाय काढा."

तीस वर्षें उतारावर ब्रेक दाबीत आलेल्या पायास हें पटावें कसें? त्यांतून मागें आई! अखेर पाय उचलला. घरघर करीत यंत्र एकेका चाकाचा ब्रेक आपणच दाबूं लागलें आणि गाडी बैलगाडीच्या चालीनें खालीं उतरली.

"आज शहाण्यासारखी हांकलीस हो!" आई म्हणाली. पुतण्या खिडकीबाहेर पाहून हंसत होता.